बिनधुराची मोटार

साल १९५३. एप्रिल सरत आला होता. मोह वेचून झाला होता आणि तेंदूपत्त्याची तोडणी अजून सुरू व्हायची होती. अशा मधल्या रिकाम्या दिवसांत चांद्याच्या मोटार अड्ड्यावर मालकाने आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "पावसाच्या आत डिझेलची गाडी येऊन राह्यली. कोळशाची भट्टी बंद!"

भट्टी बंद म्हणजे भट्टीवाला बंद. भट्टीवाला म्हणजे रहमानचाचा. वय पन्नाशीच्या पुढे, घरी खाणारी तोंडं बरीच, अंगात खोकला, आणि हातात एकच कला: कोळसा फुलवायची. मी या माणसाचं एक देणं लागत होतो. पैशाचं नाही. ते पुढे सांगतो.

मी त्या गाडीचा ड्रायव्हर. शाळा चौथीपर्यंत. पण भट्टीभोवती माणसं उभी राहिली की किस्से राखेसारखे साठतात. आज झाडून टाकले तरी उद्या तेवढेच. चार मित्र बसले की मलाच म्हणतात, सांग. मला सजवून सांगता येत नाही. झालं तसं सांगतो.

* * *

आधी भट्टी काय, ते समजून घ्या.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा मालकाने मोटारीच्या पाठीला पत्र्याची उभी भट्टी बसवली. माणसाएवढी उंच. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा. त्याचा गॅस नळीने इंजिनात जायचा आणि मोटार चालायची. म्हणजे सपाटीवर चालायची. लढाई संपली, पेट्रोल आलं, पण मालकाला कोळसा स्वस्त पडे. भट्टी राहिली.

आमची लाईन चांद्याहून पोंभुर्ण्यावरून वैनगंगेच्या काठापर्यंत. अहेरीकडे जाणारा माणूस तिथे उतरून डोंग्याने नदी पार करायचा. वाटेत सगळं जंगल आणि तीन चढ. गाडीला काचा नव्हत्या, ताडपत्रीचे पडदे होते. भट्टीची काजळी मागून आत यायची. पांढरे कपडे घालून बसलेला माणूस उतरताना लोहार दिसायचा.

एकदा पोंभुर्ण्याला लग्नाचं वऱ्हाड नेलं. मोटार मांडवासमोर थांबली. मुलीचा बाप हार घेऊन पुढे आला आणि तसाच उभा राहिला. एकाहून एक काळे चाळीस चेहरे! नवरदेवाचं बाशिंगही काळं.

"नवरदेव कोनता जी यातला?" बापाने विचारलं.

रहमानचाचा भट्टीची राख काढत होता. मान वर न करता म्हणाला, "सबके मुंह धुवा, भाऊ. धुतल्यावर जो लाजन, तो नवरदेव!"

* * *

चढ आला की माणसं खाली उतरत. कोणाला सांगावं लागत नसे. बायका पोरांना काखेत मारून पुढे चालत, पुरुष मागून ढकलत. बकऱ्या सुद्धा उतरत.

एकदा एक साहेब गाडीत होता. नागपूरकडचा. पायात बूट, डोक्यावर टोपी. म्हणाला, "मी तिकीट काढलं आहे. मी उतरणार नाही."

कंडक्टर वामनराव शिकलेला माणूस, सातवी पास. त्याने हात जोडून पाहिले. साहेब हलेना. मी स्टिअरिंगवरून उतरलो नाही. मी कोणाला हात जोडत नसे.

चाचा आत आला. अदबीने म्हणाला, "बसा साहेब, बसा. आरामात बसा. फक्त एक मेहरबानी करा. मागची भट्टी फुटली तर मले आवाज द्या. मी खाली दूर उभा हाये."

आणि खरंच उतरून दूर जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी चढाच्या माथ्यावर सगळ्यांच्या आधी कोण पोहोचलं असेल? एक बूट हातात होता साहेबाच्या!

* * *

कोळसा कुठून यायचा? लालसूकडून.

लालसू हा तिसऱ्या चढाजवळच्या गोंड पाड्यातला. ऐनाची, धावड्याची लाकडं तोडून, मातीखाली दाबून जाळायचा. त्याला चांद्याला जायचं असलं की कोळशाची टोपली घेऊन रस्त्यावर येई. टोपली भट्टीत, लालसू गाडीत. तिकीट नाही. टोपली हेच तिकीट. मालकाला हे ठाऊक होतं आणि त्याला ते चालत होतं. पाहता पाहता आजूबाजूच्या पाड्यांवरचे सगळेच टोपल्या घेऊन येऊ लागले.

वामनरावाचं डोकं फिरे. वहीत काय लिहायचं? शेवटी तो लिहायचा, "उतारू तीन, पैकी एक ओला." ओला कोळसा आणणाऱ्याला तो टपावर बसवी.

पण लालसूने एकदा मला सुनावलं. टोपली ठेवली आणि म्हणाला, "उस्ताद, पयले झाड रस्त्याले लागून भेटे. आता मले दोन कोस आत जावं लागते. हे तुमची मोटर रोज झाडं खाते आन् तिचं पोट भरत नाई."

मला राग आला. पण परतताना मी दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्त्यालगत नुसते बुंधे होते. मी रोज तिथून जात होतो. रोज पुढचा रस्ता तेवढा पाहत होतो.

* * *

आता ते देणं.

डिझेलची गाडी आली त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. भर दुपार, नदीचा काठ, मुसळधार पाऊस. परतीच्या उतारूंची वाट पाहत गाडी उभी होती. भट्टी विझवली तर पुन्हा फुलवायला अर्धा तास जाई, म्हणून ती धुमसत ठेवलेली. मी सगळे पडदे घट्ट बांधले, सीटवर पाय लांब केले आणि झोपलो.

जाग आली तेव्हा मी चिखलात उताणा पडलो होतो. तोंडावर पाऊस. डोकं फुटायला आलेलं. पोटातलं सगळं बाहेर पडलं. रहमानचाचाने माझे दोन्ही पाय धरले होते आणि तो मला ओढत होता.

मी ओरडलो, "काऊन ओढलं मले? नवा सदरा हाये!"

त्याने पाय सोडले. स्वतःच मटकन खाली बसला. तो इतका खोकला की मला वाटलं आता हाच जातो. मग म्हणाला, "भट्टीची नळी फुटली होती, उस्ताद. अंदर सगळा गॅस. मी हाका मारल्या, तुम्ही हूं का चूं नाई. माफ करा. झोप लय चांगली लागली होती तुमची!"

त्या गॅसला रंग नसतो. त्याने माणूस झोपेतच जातो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गोंडपिपरीकडच्या एका ड्रायव्हरचं तसंच झालं होतं.

मी त्याचे उपकार मानले नाहीत. मला ते बोलता येत नाही. त्याने माझा सदरा नदीवर धुऊन आणला. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

* * *

तर मालकाने डिझेलचं सांगितलं आणि अड्ड्याची बैठकच मोडली. पूर्वी दुपारी आम्ही कडुनिंबाखाली आडवे होत असू. आता कोणी बसेना. चाचा उभ्या गाडीच्या भट्टीला फेऱ्या मारी. थंड भट्टीचं झाकण उघडी, आत पाही, लावी. पुन्हा उघडी.

"काय पाहून राह्यले, चाचा?" वामनराव विचारी.

"काही नाई. हाय का ते पाह्यलं."

मी मालकाकडे गेलो. उभ्यानेच विचारलं, "रहमानचाचाचं काय करता?"

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने बोटं मोजून दाखवली. "हे पाह्य. डिझेलची गाडी दिवसातून दोन फेऱ्या करन. कोळशावर एक होत होती. दोन फेऱ्या म्हंजे जोडीचा ड्रायव्हर, जोडीचा कंडक्टर. तेलाची टाकी आली, तिथी एक मानूस. नागपूरचा मिस्त्री येईन, त्याच्या हाताखाली दोन. तीन मानसं होती, आठ होतीन! लोकाचे पोटं भरून राह्यलो ना मी?"

"त्या आठात चाचा कुठी हाये?"

मालकाने बोटं परत मोजली. मग म्हणाला, "त्याले काय येते?"

* * *

मी ठरवलं, चाचाला गाडी शिकवायची. जोडीचा ड्रायव्हर लागणारच होता.

मे महिनाभर रोज सकाळी अड्ड्यामागच्या माळावर त्याला बसवलं. पन्नाशीत माणूस नवं शिकत नाही म्हणतात. चाचा शिकला. क्लच, गिअर, ब्रेक, सगळं. आठ दिवसांत गाडी सरळ जाऊ लागली. मी मालकाला बोलावलं. म्हटलं, येऊन पाहा.

मालक आला. वामनराव आला. अड्ड्यावरचे सगळे आले. चाचाने बिस्मिल्ला म्हणून गाडी काढली. झोकात! माळ संपतो तिथे लहानसा चढ होता. गाडी चढाला लागली. इंजिनाचा आवाज बदलला, घरघरू लागलं.

आणि चाचाने दार उघडून खाली उडी मारली!

मागे पळाला. झाकण उघडलं. सळई घालून कोळसा फुलवायला लागला. दहा वर्षं इंजिन घरघरलं की हाच माणूस उडी मारून मागे पळत होता. गाडी चालवतो कोण, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

गाडी ड्रायव्हरविना चढावर थबकली, मग मागे यायला लागली. चाचा सळई घेऊन तिच्यापुढे पळतो आहे, आणि ओरडतो आहे, "उस्ताद, ब्रेक मारा! ब्रेक मारा!"

मी तर मालकाजवळ उभा होतो!

वारुळाला टेकून गाडी थांबली. भट्टीचं फार नुकसान झालं नाही. मालकाने छत्री उचलली आणि गेला. चाचाने मातीत पडलेला निखारा चिमट्याने उचलून पुन्हा भट्टीत टाकला. म्हणाला, "उस्ताद, भट्टी मात्र फुलली होती मस्त."

मला हसू आलं नाही. तेव्हा नाही.

* * *

मृगाच्या चार दिवस आधी डिझेलची गाडी आली. हिरव्या रंगाची, खिडक्यांना काचा.

खरं बोलायचं तर गाडी चांगली होती. तिन्ही चढ एका दमात चढली. कोणी उतरलं नाही. बायका चढाखाली सवयीने उठून उभ्या राहिल्या आणि माथा आला तरी तशाच उभ्या! ठिणगी नाही, काजळी नाही. कोळशाच्या गाडीच्या राखेने दर उन्हाळ्यात कुठेतरी गवत पेटायचं, तेही संपलं. मागून थोडा धूर निघे, नाही असं नाही, पण तो मागच्या मागे विरून जाई.

एक म्हातारी पोंभुर्ण्याला उतरली. आपलं लुगडं उलटसुलट करून पाहिलं. वामनरावाला म्हणाली, "बापू, मी खरंच मोटरीत बसलो होतो ना? मले खोकला काऊन नाई आला?"

लालसू टोपली घेऊन रस्त्यावर उभा होता. सवयीने. वामनरावाने सांगितलं, आता कोळसा नको.

लालसूने गाडीभोवती चक्कर मारली. भट्टी शोधली. "मंग हे खाते काय?"

"तेल."

लालसूने जरा विचार केला. "कोनत्या झाडाचं?"

सातवी पास वामनराव वही चाळायला लागला. लालसू टोपली घेऊन परत गेला. पुढे तो कोळसा लोहारांना विकू लागला. त्यांना थोडाच लागतो. ऐनाचे नवे धुमारे मी स्वतः रस्त्याला लागून वाढताना पाहिले.

आणि चाचा? भट्टी उतरवली त्या दिवसापासून त्याला काम नव्हतं. तरी रोज अड्ड्यावर येई. धुतलेला पांढरा कुर्ता घालून. दहा वर्षांत त्याच्या कुर्त्याचा रंग कोणी पाहिला नव्हता. पंधरा दिवस धूर नाही, तर त्याचा खोकला निम्म्यावर आला. हकीम त्याला म्हणाला होता, "धूर सुटला तर जगशील, रहमान. पुन्हा धुरात गेला तर माझ्याकडे येऊ नको."

हे त्याने मला हसत सांगितलं. मग तितक्याच सहज म्हणाला, "सोमवारी मी चाललो, उस्ताद. वणीकडे चुन्याच्या भट्टीवर मानूस पाह्यजे म्हनते."

"तिथी धूर नाई का?"

"धूरच हाये तिथी," चाचा म्हणाला. "पन घरी चूल पन हाये ना."

* * *

त्याच दिवसांत एक विचित्र गोष्ट होत होती. नवी गाडी वाटेत रिकामी होत जाई!

चांद्याहून भरून निघे. पण वाटेतला एक माणूस चढेना. परतताना मात्र प्रत्येक थांब्यावर गर्दी उभी आणि सगळे शिव्या देत.

"मोटर काऊन नाई आणली सकाळी?"

"आणली होती ना!" वामनराव म्हणे.

"खोटं नको बोलू! धूर कुठी होता?"

तेव्हा उलगडलं. पूर्वी आम्ही प्रत्येक चढाखाली थांबत असू. चाचा झाकण उघडून भट्टी फुलवी. सागाच्या शेंड्यांवर धुराचा खांब उभा राही. पाड्यावरची माणसं शेतातून, घरातून तो धूर पाहत आणि मग निघत. आम्ही रखडत चढ चढेपर्यंत ती माथ्यावर येऊन उभी असत. घड्याळ कोणाकडेच नव्हतं. धूर हेच घड्याळ. आता गाडी गुपचूप यायची आणि जायची. लोक घरी बसून धुराची वाट पाहत!

मालक चिडला. मी कारण सांगितलं. म्हणाला, "मंग भोंगा वाजव ना बाबा! दोन वळनं आधीपासून वाजव."

मी वाजवायला लागलो. विजेचा भोंगा, बटण अंगठ्याखाली. दाबलं की वाजे. आवाज लांब जाई. चार दिवसांत लोकांना कळलं. पाचव्या दिवशी गाडी खच्चून भरून आली.

तो शनिवार होता. अड्ड्यावर गर्दी होती. दुसऱ्या मालकांचे ड्रायव्हर होते, मिस्त्री होता, नवी ठेवलेली माणसं होती. चाचा निंबाखाली उभा होता, जाण्याआधी सगळ्यांना सलाम करायला आलेला.

आमचा मालक खुशीत होता. माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांदेखत म्हणाला, "पाह्यलं? एका भोंग्याचं काम होतं! माहा ड्रायव्हर एकटा पुरे."

मी म्हटलं, "नाई पुरत."

"काय?"

"मले एकट्याले जमत नाई. वळनावर भोंगा वाजवू का स्टिअरिंग धरू? टपावर मानूस पाह्यजे, भोंगा घेऊन."

मालक माझ्याकडे पाहत राहिला. "तीन चढ कोळशावर चढवले तू. तुले बटन दाबनं जमत नाई?"

"नाई जमत."

दुसऱ्या मालकाचा एक ड्रायव्हर मोठ्याने हसला. "उस्ताद बुढ्ढे झाले रे!" सगळा अड्डा हसला. वामनरावही हसला. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो.

मालकाचा चेहरा पडला. "ठेव मंग एखादा पोरगा."

"पोरगा चालत नाई. कोन कोनत्या वळनावर येते, कोनाले लांबून यावं लागते, हे ज्याले ठाऊक हाये, तो पाह्यजे."

असा माणूस एकच होता. मालकाने निंबाखाली पाहिलं. मग माझ्याकडे. खालच्या आवाजात म्हणाला, "घे त्याले. पन जमत नाई म्हननारा ड्रायव्हर ठेवावा का नाई, ते मले पाहावं लागन."

"पाहा," मी म्हटलं.

मिस्त्रीने जुन्या गाडीचा पितळी भोंगा आणून दिला. रबरी फुग्याचा. चाचाने तो दोन्ही हातांत घेतला. माझ्याजवळ आला. त्याचे ओठ हलले.

"उस्ताद..."

"चढा चाचा, टाईम झाला."

तो टपावर चढला. मी गाडी सुरू केली.